फोर्ट कोचीत बंदरकाठच्या जुन्या इमारतीत मुक्काम: खोली निवडण्यापासून चेक-आउटपर्यंत

फोर्ट कोचीला जाऊन आलेल्या कुटुंबांच्या तक्रारी बहुधा सारख्याच असतात. ‘हार्बर व्ह्यू’चे पैसे मोजले आणि खिडकीतून दिसली ती शेजारच्या घराची कौलं. आजींना जिना चढवेना आणि लिफ्ट नव्हती. पहाटे जहाजाच्या भोंग्याने सगळे दचकून उठले. खोलीला ओलसर वास येत होता. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारून कळली असती. गडबड होते ती क्रमात. आधी विमानाचं तिकीट काढलं जातं, मग सवलत दिसेल ते हॉटेल ठरतं, आणि खोली कोणती हे थेट रिसेप्शनवर कळतं.

नव्या हॉटेलात हा क्रम खपून जातो, कारण तिथे चौथ्या मजल्यावरची खोली पाचव्या मजल्यावरच्या खोलीसारखीच असते. जुन्या व्यापाऱ्याच्या घराचं किंवा वखारीचं हॉटेल झालं असेल, तर दोन शेजारच्या खोल्याही सारख्या नसतात. एकीची खिडकी पाण्याकडे उघडते, दुसरीची अंगणाकडे. एकीचं न्हाणीघर ऐसपैस असतं, दुसरीचं कोपऱ्यात कसंबसं बसवलेलं. पाण्याकडच्या खोल्या मोजक्याच असतात आणि त्याच सर्वांत आधी जातात. म्हणून आधी इमारत, मग तारखा, मग नेमकी खोली, त्यानंतर पैसे आणि सर्वांत शेवटी प्रवासाचं तिकीट, या क्रमाने चला.

टप्पा १: इमारत आणि तिची जागा तपासा

‘हेरिटेज’ हा शब्द कुणीही पाटीवर लिहू शकतो. फोर्ट कोचीत त्याचे तीन अर्थ सापडतात. पहिला, खरोखर जुनी इमारत दुरुस्त करून वापरात आणलेली. दुसरा, जुन्या जागेवर जुन्या धाटणीने नव्याने उभारलेली. कालवती रोडवरचं ब्रंटन बोटयार्ड हे हॉटेल जुन्या बोटबांधणीच्या आवारात असंच उभं राहिलं आहे. तिसरा, साधी नवी इमारत आणि आत चार जुन्या खुर्च्या. दुसऱ्या प्रकारात कमीपणा काहीच नाही. उलट गुडघेदुखी असलेल्यांना तोच जास्त मानवतो, फक्त आपण काय घेतोय ते माहीत हवं.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचं वर्गीकरण असेल तर काम सोपं होतं. ‘हेरिटेज बेसिक’साठी मूळ इमारत १९५० पूर्वीची असावी लागते, ‘क्लासिक’ आणि ‘ग्रँड’साठी १९३५ पूर्वीची. मात्र हे वर्गीकरण ऐच्छिक आहे, त्यामुळे ते नसलं म्हणजे इमारत खोटी असं समजू नका. अनेक जुनी घरं होमस्टे म्हणून चालतात आणि त्यांना केरळ पर्यटन खात्याची डायमंड, गोल्ड, सिल्व्हर अशी वेगळी श्रेणी असते.

आता नकाशा उघडा. ‘बंदरकाठ’ म्हणजे नेमकं कुठे, याचा सर्वांत मोठा घोळ इथे होतो.

कालवती रोडच्या पाण्याकडच्या बाजूला इमारत असेल, तर समोर थेट जहाजांचा मार्ग आणि पलीकडे वैपीन बेट दिसतं. खाडीचं तोंड इथे अरुंद आहे, त्यामुळे वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलकडे जाणारी जहाजं अगदी समोरून सरकतात. टॉवर रोडवर इमारत असेल, तर मासेमारीची चिनी जाळी जवळ असतात, पण मध्ये रस्ता, झाडं आणि दुकानं येतात. वरच्या मजल्यावरूनही पाणी झाडांआडून तुकड्यातुकड्यात दिसतं. प्रिन्सेस स्ट्रीट, रोझ स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट या आतल्या गल्ल्या आहेत. तिथल्या कुणी पाण्याचा देखावा कबूल केला, तर तो गच्चीवरून आहे का, हे विचारा. मट्टांचेरीतला बाजार रोड आणि ज्यू टाउनचा काठ वेगळाच आहे. तिथल्या जुन्या वखारींची तोंडं विलिंग्डन बेटाकडे, म्हणजे पूर्वेला आहेत. सूर्योदय हवा असेल तर हा काठ घ्या. सूर्यास्तासाठी मात्र तिथून फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर यावं लागतं.

*तपासा:* नकाशावर इमारतीची पाण्याकडची बाजू आणि मध्ये येणारा रस्ता दोन्ही दिसले का? ते दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा २: तारखा ठरवा

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सर्वांत सुखाची आणि भाडंही सर्वांत जास्त. मार्च ते मे घामाघूम व्हायला होतं. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, आणि आपल्याकडचा पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे दुपारनंतर गडगडाटी सरी येतात. दिवाळीच्या सुटीत जाणारे हमखास हे विसरतात. त्या दिवसांत बोटीची फेरी आणि चालत फिरणं सकाळी उरका.

मुंबई-पुण्याहून शुक्रवार ते रविवार असा बेत करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लिहून ठेवावी. मट्टांचेरीचा डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो. परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद असतं. म्हणजे या तीन दिवसांत दोन्ही सलग पाहायला रविवारच उरतो. शक्य असेल तर रविवार ते बुधवार जा. भाडं बहुतेक ठिकाणी उतरतं आणि चांगली खोली मिळण्याची शक्यता वाढते.

कोची-मुझिरिस बिनाले हे मोठं कलाप्रदर्शन ज्या हंगामात असतं, त्या हंगामात १२ डिसेंबरपासून पुढचे काही महिने ॲस्पिनवॉल हाउसच्या आसपास गर्दी असते. ते दरवर्षी भरत नाही, त्यामुळे तारखा पाहून घ्या. ३१ डिसेंबरच्या रात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचा, भलामोठा पुतळा जाळतात. त्या दिवशी गर्दी अफाट होते आणि गाड्या आत सोडण्यावर निर्बंध येतात. सोहळा पाहायचा असेल तर ३० तारखेलाच पोचा. शांतता हवी असेल तर तो आठवडाच सोडा.

टप्पा ३: नेमकी खोली निवडा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. संकेतस्थळावरचे फोटो बहुधा सर्वांत देखण्या खोलीचे असतात. तीच खोली तुम्हाला मिळेल असं समजून चालू नका.

आधी मजला. तळमजल्यावर जिना नसतो, अंगण जवळ असतं आणि वृद्धांची सोय होते. पण ओल जास्त, डास जास्त आणि रस्त्यावरून जाणारे लोक खिडकीशी. वरच्या मजल्यावर वारा आणि देखावा असतो, पण जिना लाकडी, चढा आणि अरुंद. पायऱ्या आजच्या मापाच्या नसतात, कठडा कधी कमरेच्याही खाली असतो. रेंगणारं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल बरोबर असेल, तर तळमजलाच घ्या, देखावा गेला तरी चालेल. खिडक्यांचे कट्टे खाली असतात आणि काही अंगणांत जुनी विहीर किंवा पोहण्याचा हौद असतो. त्याभोवती कुंपण आहे का, हे आवर्जून विचारा.

मग जमीन. वरच्या मजल्यावर फळ्यांची जमीन असेल, तर वरच्या खोलीतला प्रत्येक पाय खालच्या खोलीत ऐकू येतो. झोप सावध असलेल्यांनी आपल्या डोक्यावर दुसरी खोली नसलेली जागा मागावी.

भिंतींबद्दल कोकणातल्या वाचकांना फार सांगायला नको. जांभा आणि चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं, हाच मसाला तिथेही आहे. अशी भिंत ओल शोषते आणि हळूहळू सोडते. पावसाळ्यात थोडासा ओलसर वास येणं हे या बांधणीचं लक्षण आहे, अस्वच्छतेचं नव्हे. मात्र दमा किंवा बुरशीची ॲलर्जी असेल, तर जून ते ऑक्टोबर तळमजल्याची खोली घेऊ नका आणि आदल्या दिवसापासून खोली उघडी ठेवून वाळवायला सांगा. भिंतीवर काळे डाग असतील तर मात्र तो दुर्लक्षाचा पुरावा आहे, तिथे खोली बदलून मागा.

देखाव्याचं नाव आणि देखावा यांत फरक असतो. ‘हार्बर व्ह्यू’, ‘हार्बर फेसिंग’, ‘पार्शल व्ह्यू’ यांना ठरलेली व्याख्या नाही. म्हणून शब्दांवर वाद घालण्यापेक्षा थेट मागणी करा: “त्या खोलीच्या खिडकीतून आज काढलेला एक फोटो पाठवा.” चांगली जागा असेल तर तासाभरात फोटो येतो. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं असं समजा.

पाण्याकडच्या खोलीबरोबर पाण्याचा आवाजही येतो. जहाजांचे भोंगे, वैपीनच्या फेरीबोटीचं इंजिन, पहाटे जाळ्यांवरच्या लोकांची हाकाटी, सकाळी मासळीचा लिलाव आणि वास. मला स्वतःला हा गजबजाट फार आवडतो, बंदरावर राहायचं ते त्यासाठीच. पण तान्हं बाळ असेल किंवा घरात कुणाला वासाचा त्रास असेल, तर अंगणाकडची खोली घ्या आणि पाणी पाहायला गच्चीवर जा. पैसेही वाचतील.

विचारायचे प्रश्न, असेच्या असे पाठवता येतील:

१. खोली कितव्या मजल्यावर आहे? खोलीपर्यंत किती पायऱ्या?
२. खिडकी कोणत्या दिशेला आणि समोर काय? आजचा फोटो पाठवाल का?
३. न्हाणीघर खोलीला जोडून आहे का? उंबरठा किती उंच? धरायला दांडी आहे का?
४. वरती दुसरी खोली आहे का?
५. खिडक्यांना डासांची जाळी आहे का? नसेल तर मच्छरदाणी मिळेल का?
६. वीज गेली तर एसी जनरेटरवर चालतो का, की फक्त दिवे-पंखे?

*सावधान:* खोलीचा क्रमांक किंवा नाव लेखी घ्या. ‘त्या प्रकारची खोली देऊ’ हे आश्वासन इथे पुरेसं नाही, कारण एका प्रकारातल्या दोन खोल्या सारख्या नसतात.

टप्पा ४: दर, कर आणि पैसे

बुकिंग साइटवर दर पाहा, पण एकदा थेट हॉटेललाही विचारा. साइटवरून खोलीचा प्रकार मिळतो, विशिष्ट खोली बहुधा थेट बोलण्यातूनच मिळते. साइटवरूनच घेणार असाल, तर आरक्षणानंतर लगेच हॉटेलला मेल करून खोलीचं नाव पक्कं करून घ्या.

कराची मेख अशी. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८ टक्के. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते, आणि ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यातले शंभर रुपये तुम्हाला १,०९३ ला पडतात. दर या रेषेच्या जरा वर असेल, तर ‘सोमवार ते गुरुवार काही कमी होईल का’ असं निःसंकोच विचारा. जादा गादी आणि जेवण धरून भाडं ही रेषा ओलांडतं का, तेही पाहा.

परत न मिळणाऱ्या दरात थोडी बचत होते, पण पावसाळ्यात आणि घरात आजारी माणूस असताना तो घेऊ नये. मुलांचं वय कितीपर्यंत मोफत, तिसऱ्या माणसाला पलंग की गादी, हे लेखी घ्या. जुन्या खोल्यांत तिसरा पलंग मावतोच असं नाही.

*तपासा:* खोलीचं नाव, करासह एकूण रक्कम, नाश्ता, रद्द करण्याची अट. या चार गोष्टी एका मेलमध्ये आल्या की मगच प्रवासाचं तिकीट काढा.

टप्पा ५: पोहोचणं

नेदुंबाश्शेरीचा विमानतळ फोर्ट कोचीपासून चाळीसेक किलोमीटर दूर आहे आणि संध्याकाळी दोन तासही लागू शकतात. मुंबईला परतीचं विमान पहाटेचं असेल, तर शेवटची रात्र विमानतळाजवळ काढणं शहाणपणाचं.

कोकण रेल्वेने नेत्रावती किंवा मंगला एक्सप्रेसने जाणार असाल, तर तिकिटावर एर्नाकुलम जंक्शन आहे की एर्नाकुलम टाउन, ते वाचा. स्थानिक लोक पहिल्याला साउथ आणि दुसऱ्याला नॉर्थ म्हणतात. रिक्षावाल्याला तीच नावं सांगा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, जुन्या वेळेवर विसंबू नका.

स्टेशनवरून दोन वाटा आहेत. सामान आणि वृद्ध असतील तर सरळ टॅक्सीने तोप्पुंपडीमार्गे या. सामान हलकं असेल तर हायकोर्ट टर्मिनलपर्यंत रिक्षाने जाऊन वॉटर मेट्रोने फोर्ट कोची गाठा. वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, फोर्ट कोचीचा मार्ग एप्रिल २०२४ मध्ये. बोटी वातानुकूलित आहेत आणि साधारण वीस मिनिटांत त्या तुम्हाला बंदरातून नेतात. या मुक्कामाची याहून चांगली सुरुवात नाही. शनिवार-रविवारी संध्याकाळी मात्र रांग लांब असते. शेवटची बोट किती वाजता आहे तेही आदल्या दिवशी पाहा.

*सावधान:* विमानतळावरून काही चालक वैपीनमार्गे आणतात आणि गाडी फेरीबोटीवर चढवून फोर्ट कोचीत उतरवतात, आपल्याकडे दाभोळ-धोपावेला चढवतात तशीच. गमतीचं आहे, पण रांग लागते आणि रात्री उशिरा बोट बंद असते. विमान उशिराचं असेल तर गाडीत बसतानाच रस्ता ठरवून घ्या. आदल्या दिवशी हरताळ जाहीर झालाय का, हेही हॉटेलला विचारा. हरताळ बहुधा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असतो, आणि त्या वेळेत रिक्षा-टॅक्सी मिळणं कठीण जातं.

टप्पा ६: चेक-इन आणि पहिला अर्धा तास

प्रत्येक प्रौढाचं सरकारी ओळखपत्र लागतं. अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून आलेले नातेवाईक बरोबर असतील आणि त्यांचा पासपोर्ट परदेशी असेल, तर पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं) कार्ड मूळ स्वरूपात हातात ठेवा. परदेशी नागरिकांची माहिती हॉटेलला २४ तासांत सरकारकडे नोंदवावी लागते. मोबाइलमधल्या फोटोवर भागवू पाहणाऱ्यांचा इथे नाहक खोळंबा होतो.

सामान वर न्यायला सांगण्याआधी खोली पाहा. खिडकी उघडा, मेलमधला फोटो समोर धरा. एसी लावा, गरम पाणी सोडून पाहा, दाराची कडी लागते का बघा. जुन्या लाकडी दारांना पावसाळ्यात फुगवटा येतो, ती जोरात ओढू नका, माणसाला बोलवा. गाद्या उचलून ओल हाताला लागते का ते पाहा. काही चुकलं असेल तर याच वेळी, शांतपणे आणि मेल दाखवून सांगा. रात्री नऊ वाजता बदलून द्यायला दुसरी खोली उरलेली नसते.

मग बाहेर पडण्याची दुसरी वाट शोधा. लाकडी जिना एकच असेल, तर आगीच्या वेळी कुठून उतरायचं, हे विचारण्यात संकोच करू नका.

टप्पा ७: राहताना

जुनी लाकूडकामं आणि चुन्याची भिंत पाहुण्यांच्या साध्या सवयींनी खराब होतात. ओले टॉवेल खुर्चीच्या पाठीवर किंवा कठड्यावर टाकू नका, लाकडावर पांढरा डाग पडतो. गच्चीवर दोरी आहे का विचारा. भिंतीला हुक चिकटवू नका, निघताना गिलाव्याचा पापुद्रा सुटून येतो. जड बॅगा फळ्यांवरून ओढण्यापेक्षा उचलून ठेवा.

घरून आणलेली इंडक्शन शेगडी, पाणी तापवायची कॉइल किंवा इस्त्री खोलीत लावू नका. प्रश्न फक्त फ्यूजचा नाही, डोक्यावर सागाचं छप्पर आहे. सकाळची उदबत्ती लावायची असेल तर अंगणात कुठे चालेल ते विचारा, बहुतेक ठिकाणी आनंदाने जागा दाखवतात.

कोचीचे डास चिवट आहेत. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी खिडक्या लावा, खोली काळोखी ठेवा, अंगणात जेवायला बसाल तर पायांना मलम लावा. अंधार पडल्यावर झडपांच्या खिडक्या पुन्हा उघडून वारा घेण्याचा मोह होतो. जाळी नसेल तर तो आवरा.

चिनी जाळी पाहायला सकाळी लवकर जा. दोर ओढायला कुणी बोलावलं, तर आधी पैशांचं बोलून घ्या, नंतर दोघांचाही विरस होतो. ते लोक तिथे पोटासाठी मासे धरतात, त्यामुळे थोडे पैसे देणं योग्यच आहे. पावसाळ्यात जलपर्णी वाहून येते आणि जाळ्यात अडकते, त्या दिवसांत काम थांबलेलं दिसू शकतं.

टप्पा ८: खाण्याचं आधी सांगा

बरेच जण इथे विनाकारण उपाशी राहतात. नाश्त्याला अप्पम, पुट्टू-कडला, इडिअप्पम असतं आणि शाकाहारी माणसाला ते पुरतं, पण स्ट्यू कधी भाज्यांचा असतो, कधी मटणाचा. विचारूनच वाढून घ्या. स्वयंपाक बहुधा खोबरेल तेलात होतो. देशावरच्या काहींना तो वास मानवत नाही, तेव्हा चेक-इनलाच दुसरं तेल वापरायला सांगा. छोट्या हॉटेलात स्वयंपाकघर छोटं असतं, तिथे आदल्या संध्याकाळी सांगितलेलं सहज होतं, ऐन वेळी सांगितलेलं होत नाही.

उपवासाला साबुदाण्याची खिचडी शोधत फिरू नका. उकडलेलं नेंद्र केळं, नारळ आणि फळं सगळीकडे मिळतात. कडक शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल, तर मट्टांचेरीच्या गुजराती रोडकडे जा. तिथून जवळच चेरलाईत तिरुमल देवस्वम् आहे, गोव्याहून पिढ्यांपूर्वी आलेल्या गौड सारस्वतांचं. त्या गल्ल्यांत कोकणी कानावर पडते आणि मालवण-गोव्याकडच्या माणसाला वाट विचारायला दुभाषा लागत नाही.

टप्पा ९: चेक-आउट

आदल्या रात्रीच बिलाचा मसुदा मागा. खोलीवरचा कर मेलमध्ये ठरला तोच आहे का, जेवणावर वेगळा दर लागलाय का, धुण्याचे पैसे नीट आहेत का, हे सकाळच्या घाईत पाहून होत नाही.

दुपारची गाडी असेल तर सामान रिसेप्शनवर ठेवता येतं का आणि निघण्यापूर्वी तोंड धुवायला न्हाणीघर मिळेल का, हे विचारून ठेवा. विमानतळासाठी गाडी आदल्या रात्री ठरवा, तीन तासांची सवड धरा, आणि चालकाला तोप्पुंपडीच्या पुलावरून न्यायला सांगा.